एकाच सायकलने चढायचा आणि उतरायचा डोंगर

डाउनीव्हिल, उत्तर कॅलिफोर्निया
सप्टेंबर, रविवार रात्र

डाउनीव्हिल क्लासिक या माउंटन बाइक शर्यतीचा क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही असलेला, मार्ग आज शर्यतीची गर्दी नसताना, माझ्या गतीने पूर्ण केला. सिएरा सिटी आणि डाउनीव्हिल ही दोन्ही गावे युबा नदीच्या उत्तर शाखेच्या काठी, ४९ क्रमांकाच्या महामार्गावर वसलेली आहेत आणि मोटारीने एकातून दुसऱ्यात जायला अर्धा तासही लागत नाही. शर्यतीचा मार्ग मात्र नदी सोडून थेट डोंगरावर चढतो आणि पलीकडच्या ओढ्यांच्या खोऱ्यांतून वळसा घेत पुन्हा नदीवर येतो. फ्रीमाँटहून सोबत आलेल्या मावसभावाने मला सकाळी सिएरा सिटीत सोडले, "सावकाश ये गं ताई, मी पुलाजवळ थांबतो" एवढे सांगितले आणि तो गाडी घेऊन खाली डाउनीव्हिलला गेला.

सिएरा सिटीतून पॅकर सॅडल या खिंडीपर्यंतचा चढ साधारण १३ किलोमीटरचा असून तेवढ्यात सुमारे ३,००० फूट उंची गाठावी लागते. सुरुवातीचा मातीचा रस्ता इतका तीव्र आहे की सर्वांत हलका गिअर टाकल्यावरही पुढचे चाक उचलले जाते आणि ते जमिनीवर टिकवण्यासाठी सीटच्या टोकावर सरकून छाती हँडलकडे झुकवावी लागते. या चढात कौशल्याला फारसा वाव नाही. श्वास आणि पेडल यांची लय एकदा जमली की ती मोडायची नाही, एवढेच करायचे असते. सिएरा ब्यूट्सचे सुळके सतत डोकावत होते. साडेआठ हजार फुटांहून उंच असलेल्या त्या कातळांवर वणव्यावर लक्ष ठेवण्यासाठी बांधलेली जुनी टेहळणीची खोली आहे, आणि ऊन वर आले तशी ती स्पष्ट दिसू लागली.

पॅकर सॅडल सुमारे ७,१०० फुटांवर आहे. क्लासिकमध्ये फक्त उताराची वेगळी शर्यतही असते, तिचे स्पर्धक इथूनच निघतात, आणि एरवीही बहुतेक लोक गावातून व्हॅनने सायकली इथे आणून थेट उतरायला लागतात. तसे करण्यात काही कमीपणा आहे असे मी म्हणणार नाही, पण हा मार्ग चढून आलेल्यालाच नीट कळतो असे मला मनापासून वाटते. दमलेल्या पायांनी उतरताना चुकीला जागा कमी उरते, आणि प्रत्येक वळण आधीपासून पाहावे लागते.

खिंडीपुढचा गोल्ड व्हॅलीकडचा जीपचा रस्ता सुट्या गोट्यांनी भरलेला आहे. सह्याद्रीत ट्रेक करणारे ज्याला घसारा म्हणतात त्याचीच ही मोठी आवृत्ती. इथे ब्रेक जितका कमी तितके बरे, कारण चाक थांबले की गोटा त्याखालून निसटतो. हा भाग मी लवकर मागे टाकला.

पॉली क्रीकच्या काठची पायवाट सुरू झाली आणि दिवसाचा खरा भाग लागला. वरचे रेड फरचे उंच, विरळ अरण्य हळूहळू खाली राहणाऱ्या झाडांना जागा देत जाते: पॉन्डेरोसा पाइन, इन्सेन्स सीडर, डग्लस फर आणि अगदी पाण्यालगत आल्डरची दाटी. वाट कधी ओढ्याच्या इतकी जवळ येते की पाण्याच्या आवाजात स्वतःच्या सायकलचा आवाज ऐकू येत नाही, तर कधी अचानक वर चढून कड्याच्या पोटातून जाते आणि पाणी खोल खाली फक्त चमकताना दिसते. ओलसर मुळे, कातळाच्या पायऱ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट, गडद मातीचे लांब पट्टे असा क्रम एकसारखा चालू राहतो. सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना डोळ्यांना जमिनीचे खाचखळगे क्षणभर दिसतच नाहीत. त्यामुळे नजर चाकाच्या पुढ्यात न ठेवता बरीच लांब ठेवावी लागते आणि जवळचे काम गुडघे व कोपरे यांच्यावर सोपवावे लागते. सीट पूर्ण खाली, टाचा किंचित खाली दाबलेल्या, दोन्ही ब्रेकवर प्रत्येकी एकच बोट: या स्थितीत शरीर सैल राहिले, तर वाट स्वतःहून पुढे नेते.

ती तशी नेते, याचे कारण तिच्या जन्मात आहे. १८४९ मध्ये विल्यम डाउनी नावाचा स्कॉटिश माणूस सोने शोधत, आज डाउनीव्हिल आहे त्या नदीसंगमावर आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इथे हजारो माणसे गोळा झाली. प्रत्येक ओढ्यावर खाणकाम सुरू झाले, आणि तिथवर पीठ, अवजारे, दारूगोळा पोहोचवण्यासाठी खेचरांच्या वाटा काढल्या गेल्या. ओझे लादलेले खेचर फार तीव्र चढ चढत नाही. म्हणून या वाटा डोंगराच्या अंगाने, बेताच्या उताराने, वळसे घेत जातात आणि आज सायकलला तोच उतार मानवतो. याच खाणकामाने युबाचे मोठे नुकसानही केले. पाण्याच्या दाबाने डोंगर फोडून त्यांचा गाळ नदीत सोडला जाई, त्याने खालच्या खोऱ्यातली शेते आणि गावे गाडली जात होती, आणि अखेर १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांच्या निकालाने हा गाळ नद्यांत सोडण्यास बंदी आली. या वाटांवरून आनंदाने जाताना तो इतिहास विसरणे मला योग्य वाटत नाही.

पॉली क्रीकवरचा पूल ओलांडून थोडे चढले की थर्ड डिव्हाइड लागते. दोन ओढ्यांमधली धार ओलांडून ही वाट लाव्हेझोला क्रीककडे उतरते आणि साऱ्या मार्गातला सर्वाधिक वेग इथेच मिळतो. उन्हाळ्याच्या अखेरीस मातीचा फुफाटा झालेला असतो. वळणांच्या तोंडाशी, जिथे सगळेच ब्रेक दाबतात, तिथे जमिनीला लाटा पडलेल्या दिसतात. अशा वेळी कळते की वाट टिकवणे म्हणजे मुख्यतः पाणी हाताळणे आहे. तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला ठेवावा लागतो आणि ठरावीक अंतराने हलके खोलगट उतार करून पाणी बाहेर काढून द्यावे लागते, नाहीतर पाऊस आणि वितळणारा बर्फ वाटेलाच ओहोळ समजून तिचा चर करून टाकतात. मावळातल्या गडवाटांवर पावसाळ्यानंतर श्रमदान करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. इथे हे काम सिएरा ब्यूट्स ट्रेल स्ट्युअर्डशिप ही २००३ मध्ये स्थापन झालेली संस्था करते, आणि ही शर्यतच तिच्या कामासाठी निधी उभा करत आली आहे. ज्या वाटेवर शर्यत होते तिच्याच दुरुस्तीला शर्यतीचा पैसा लागावा, ही व्यवस्था मला अतिशय न्याय्य वाटते. लाकूडतोड आणि खाणी संपल्यावर ओस पडत चाललेल्या या डोंगरी गावांत संस्थेने लोकांना पगारी कामही दिले आहे.

लाव्हेझोला रस्त्याचा तुकडा साधाच आहे. त्यानंतरची फर्स्ट डिव्हाइड मात्र अरुंद आहे आणि तिच्या एका बाजूला सरळ दरी आहे. इथे चालणाऱ्यांना आणि घोड्यांना सायकलस्वाराने वाट द्यायची असते. समोरून एक वयस्क जोडपे येत होते. मी उतरून, सायकल डोंगराच्या अंगाला टेकवून उभी राहिले, त्यांनी आभार मानले आणि पुढे गेले. थकव्यामुळे ते थांबणे मला सुखाचेच वाटले.

जिथे वाट संपून गाव सुरू होते तिथे शर्यतीची अंतिम रेषा असते. डाउनीव्हिलची वस्ती आज तीनशेच्या आसपास आहे, तरी सिएरा काउंटीचे मुख्य ठाणे अजून हेच आहे. शर्यतीच्या ऑल माउंटन गटात दोन्ही दिवस, म्हणजे क्रॉस-कंट्री आणि उतार या दोन्ही शर्यतींत, एकच सायकल वापरावी लागते आणि तिचे वजनही तपासले जाते. हलकी सायकल चढताना मदत करते आणि पॉली क्रीकच्या कातळांवर महागात पडते, तर भक्कम सायकलचे नेमके उलटे होते. आज दिवसभर मला हा नियम फार शहाणपणाचा वाटत राहिला, कारण तो स्पर्धकाला संपूर्ण डोंगराचा एकत्र विचार करायला लावतो.

मावसभावाने पुलाजवळ सँडविच आणि थंड पाणी तयार ठेवले होते. नदीत पाय सोडून बसल्यावर त्याला थर्ड डिव्हाइडवरच्या लाटा पडलेल्या वळणांविषयी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मग वसंतात कामाला जाऊ या ना, मला सायकल येत नाही, पण फावडे येते." माती ओली असताना, बर्फ नुकता ओसरलेला असताना ती नीट बसते, म्हणून असे काम तेव्हाच करणे चांगले. आम्ही दोघांनी नाव नोंदवायचे ठरवले आहे.