अर्धा पत्रव्यवहार कऱ्हाडला होता

गेल्या वर्षी जूनमध्ये कऱ्हाडहून फोन आला. "ताई, मी डॉक्टरांचा मुलगा." कोणते डॉक्टर हे विचारावं लागलं नाही. आमच्याकडे 'डॉक्टर' म्हणजे कऱ्हाडचे. आम्ही आजारी पडल्यावर ज्यांच्याकडे जायचो ते नुसते 'दवाखान्यातले'.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांचे हात धरून वर्तुळं गिरवून घेण्यात त्यांचे दिवस गेले, आणि चित्रं काढली ती रविवारी आणि मे महिन्यात. १९७४ मध्ये बालगंधर्व कलादालनात त्यांचं प्रदर्शन होतं. डॉक्टर कुठल्याशा लग्नासाठी पुण्यात आले होते. पाऊस आला म्हणून आत शिरले आणि एक चित्र घेऊन गेले. पुढे बावीस वर्षं पत्रं चालली आणि अकरा चित्रं कऱ्हाडला गेली. डॉक्टर श्रीमंत नव्हते. गावातली प्रॅक्टिस, त्यातून चार-चार हप्त्यांत चित्राचे पैसे द्यायचे, मनीऑर्डरने. आता दोघंही नाहीत.

डॉक्टरांच्या मुलाला अकरांपैकी दोन चित्रं विकायची होती. मुंबईच्या लिलाववाल्यांनी सांगितलं, चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याचा कागद आणा, शिवाय चित्रकाराच्या वारसांचं पत्र आणा. तो विचारत होता, "तुमच्याकडे काही आहे का?"

होतं. सदाशिव पेठेतली जागा रिकामी करताना माळ्यावरून पार्ले बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला होता, त्यात डॉक्टरांची एकसष्ट पत्रं. तो मी कोथरूडला आणून पलंगाखाली सरकवला होता. आता उघडला, रात्रभर वाचत बसले आणि सकाळी लक्षात आलं की यात बाबांचं एक अक्षरही नाही. असणार कसं? आपल्या माणसाची पत्रं आपल्या घरात नसतातच. बाबांचा आवाज कऱ्हाडला कुणाच्या तरी कपाटात पडून होता आणि मी इकडे नुसती उत्तरं वाचत होते. डॉक्टर लिहितात, "तुमचा राग समजला." कसला राग? "पिवळ्याबद्दल आपण म्हणता ते मान्य." काय म्हणाले होते पिवळ्याबद्दल?

त्याच आठवड्यात मी एक घोळ करून ठेवला. डॉक्टरांचं सगळ्यांत पहिलं पत्र घडीवर फाटत आलं होतं, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन लॅमिनेट करून आणलं. छान कडक झालं म्हणून खूश होते. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका आयुष्यभर मोडी कागदांत रमलेले, भारत इतिहास संशोधक मंडळात नेमाने जाणारे. त्यांना कौतुकाने दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उजेडात तिरपं धरलं आणि म्हणाले, "मारलंस की गं याला." उष्णतेने चिकटवलेलं ते प्लास्टिक आता निघत नाही. काढायला जावं तर कागदच सोलवटून येतो.

मग काकांनी शिकवलं तसं केलं. गंजलेल्या टाचण्या सरळ ओढायच्या नाहीत, कागदाखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून हळूच सोडवायच्या. जुना सेलोटेप असेल तिथे हात लावायचा नाही. नंबर घालायचा तो मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने. फोटो खिडकीपाशी दिवसाउजेडी काढायचे, फ्लॅश नको. आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही, पुण्याच्या पावसाळ्यात आत दमट होतं आणि बुरशी धरते. पेशवे दफ्तरात कागद कापडी रुमालात बांधून ठेवतात हे त्यांच्याचकडून कळलं. आईच्या धुवून मऊ झालेल्या सुती साडीचे मी दोन रुमाल फाडले. डांबरगोळ्यांवर मात्र आमचं एकमत झालं नाही. ते नको म्हणाले, पण कसर लागलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. गोळ्या डब्याच्या बाहेर ठेवल्या.

ऑगस्टमध्ये स्वारगेटहून एसटी धरली. डॉक्टरांचं घर कृष्णा-कोयनेच्या संगमापासून चालत पाच मिनिटांवर. दिवाणखान्यात शिरले आणि समोर आमचाच चौक! वाड्याचा चौक, दुपारचं ऊन, तुळशीवृंदावन, कोपऱ्यात पालथी घातलेली बादली. हे चित्र आमच्या घरातून गेलं तेव्हा मी शाळेत होते.

बाबांची पत्रं डॉक्टरांनी फायलीला लावली होती, सगळ्यांना दोन-दोन भोकं पाडून. त्रेचाळीस पत्रं. अक्षर बघितलं आणि जरा वेळ कुणाशी बोलता येईना. मग चहा आला.

पत्रांवर सन नाही! बाबा फक्त तिथी आणि वार लिहायचे. पोस्टाचे शिक्के बहुतेक ठिकाणी नुसते काळे गोळे. लिलाववाल्यांना तर चित्राचं साल हवं होतं. चौकाच्या चित्राबद्दलचं जे पत्र होतं त्यावर होतं "माघ व. १४, शुक्रवार" आणि शेवटच्या ओळीत, "उद्या ग्रहण, शाळेत कुणी फिरकायचे नाही. दिवसभर ब्रश धुवीन." खाली "सदाशिव पेठ, पुणे ३०". डॉक्टरांचा मुलगा एकदम म्हणाला, "हे ते खग्रास! तेव्हा आम्हाला घराबाहेर पडू दिलं नव्हतं." १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. कर्नाटकातून खग्रासचा पट्टा गेला होता, आपल्याकडे खंडग्रास दिसलं होतं आणि तरी रस्ते ओस पडले होते. म्हणजे पत्र आदल्या दिवशीचं, १५ फेब्रुवारीचं. बाकीच्या पत्रांसाठी काकांनी जुनी पंचांगं काढून दिली. एखादी तिथी ठरावीक वारी आलेली अशी वर्षं थोडीच निघतात, आणि पत्रात परीक्षा किंवा पाऊस आला की नेमकं एक उरतं.

ग्रहणाच्या पत्राच्या समासात बाबांनी पेनने चित्राचं टिपण काढलं होतं, आगपेटीएवढं. खाली "२४ × ३०, कॅनव्हासवर तैलरंग" आणि सूचना: "वॉर्निश निदान सहा महिने लावू नये, रंग आतून ओला असतो. समोर उदबत्ती लावू नये." याहून चांगला पुरावा कुठला? लगेच फोटो काढून मुंबईला पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं: टिपणात वृंदावनापाशी एक बाई उभी आहे, चित्रात बाई नाही. हे चित्र तेच कशावरून?

खरंच नव्हती. आमचं दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं. ज्या कागदाने काम व्हायचं त्यानेच शंका आणली. फोनवर डॉक्टरांचा मुलगा जरा तुटक बोलला, आणि मलाही उगीच आपण खोटं काही दाखवल्यासारखं वाटायला लागलं.

तेव्हा मग पहिल्यापासून करायला हवं होतं ते केलं. त्यांनी त्रेचाळीस पत्रांचे फोटो पाठवले, मी माझी एकसष्ट घेतली, आणि जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखी समोरासमोर लावली. प्रश्न इकडे, उत्तर तिकडे. आठवडाभर आम्ही ताटं हातात घेऊन सोफ्यावर जेवलो. पत्रं अशी लागत गेली तसं मायन्यातलं एक गमतीचं दिसलं. डॉक्टर सुरुवातीला "सा. न. वि. वि." लिहीत. १९७७ च्या दिवाळीनंतर ते "स. न. वि. वि." झालं. साष्टांगचा सप्रेम. बाबा मात्र शेवटपर्यंत "सा." वरच राहिले. गिऱ्हाइकाशी जवळीक करू नये असं त्यांना वाटे की भीड वाटे, मला नाही सांगता येत.

बाई सापडली ती माझ्याच डब्यात, १९८३ च्या एका इनलँडमध्ये. इनलँड उघडताना कुणीतरी कडेने फाडलं होतं, त्यामुळे दोन ओळींची टोकं गेली आहेत. डॉक्टरांचं अक्षर आधीच डॉक्टरांचं. तरी वाचता आलं: "चित्र दुरुस्तीस मागून घेतलेत, परत आले, आनंद झाला. परंतु वृंदावनापाशी बाई होती ती कुठे गेली? तीन वर्षे रोज पाहत होतो. हिला तर ती तिच्या आईसारखी वाटे." आणि कऱ्हाडच्या फायलीत त्याचं उत्तर, तीनच ओळींचं: "बाई तिथे उभी राहून काही करीत नव्हती. चौक तिच्यासाठी थांबल्यासारखा वाटे. सौ. वहिनींची क्षमा मागतो, पण पुन्हा काढणार नाही."

पैसे फेडून घेतलेल्या माणसाच्या भिंतीवरचं चित्र 'दुरुस्ती' म्हणून मागवायचं आणि त्यातलं माणूस पुसून परत पाठवायचं! आणि डॉक्टरांनी ते तसंच टांगलं. पुढच्या पत्रात तक्रार नाही, फक्त "सवय होईल" एवढंच.

दिवाळीत पुन्हा कऱ्हाडला गेले. खोलीत अंधार करून डॉक्टरांच्या मुलाच्या मुलीने टॉर्च चित्राला लागून, अगदी कडेने धरला. सपाट फरशीच्या रंगावर एक उभी उंच कड उमटली. पदराची. तैलरंग जुना होतो तसा किंचित पारदर्शक होत जातो, त्यामुळे नीट पाहिलं तर जांभळट छटाही दिसत होती. तिची आजी ज्या बाईवरून हळहळली असेल ती बाई ती मुलगी पहिल्यांदाच बघत होती. आम्ही तिरप्या उजेडातले फोटो काढले, दोन्ही पत्रं जोडली, आईच्या हिशेबाच्या वहीत टाचलेली मनीऑर्डरची कुपनं जोडली. एका कुपनावर डॉक्टरांनी लिहिलंय, "हप्ता दुसरा. चौक दिवाणखान्यात लावला." मुंबईवाल्यांनी मग काही विचारलं नाही.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात. वारसांच्या पत्रात चित्राचं माप, माध्यम, साल, पुढचा-मागचा फोटो आणि मी व भाऊ दोघांच्या सह्या. फॉर्मवर चित्र देशाबाहेर नेण्याबद्दल प्रश्न होता. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्तीच्या कायद्याखाली राजा रविवर्मा, अमृता शेरगिल अशा मोजक्या चित्रकारांची चित्रं बाहेर नेता येत नाहीत. बाबा त्या यादीत नाहीत, तिथे एक टिंब करून सुटलो.

पत्रांची मालकी हा वेगळाच प्रकार निघाला. कागद ज्याला आला त्याचा, मजकूर ज्याने लिहिला त्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. म्हणजे बाबांची पत्रं कऱ्हाडची, पण ती छापायची तर आम्हाला विचारायला हवं. आणि माझ्या डब्यातली एकसष्ट पत्रं माझी, तरी त्यातला शब्द न् शब्द त्यांचा. एकमेकांना साध्या कागदावर परवानगी लिहून दिली.

भावाने आणखी एक कलम शोधून काढलं. कॉपीराइट कायद्याचं ५३-अ: मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. कायद्यात आहे मग सोडायचा का, असं तो म्हणतो. मला ते डॉक्टरांच्या मुलाला सांगायची लाज वाटत होती. शेवटी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, द्यायलाच हवं, आमच्या बाबांनी उधारी कधी ठेवली नव्हती." विकलं मात्र एकच चित्र, घाटाचं. चौक त्याच्या मुलीने काढू दिला नाही.

पत्रं आता दोन्ही घरांत पूर्ण आहेत, अर्धी मूळ आणि अर्धी छापील. एकच जोडी लागत नाही. १९८८ च्या कार्डात डॉक्टर लिहितात, "मांजराबद्दल आपले म्हणणे पटले, तसेच केले." आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं. कऱ्हाडला फोन करून विचारलं, त्यांच्याकडेही नव्हतं.