आईच्या ओव्या आणि साउंड कार्ड : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत आईच्या ओव्या रेकॉर्ड करायला लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये कन्व्हर्टर पिन लावून एसएम५८ हा गाण्याचा माइक खुपसल्याचं सांगितलं होतं. तो जॅक हेडसेटवरच्या इवल्याशा माइकसाठी असतो. दोनतीन व्होल्ट सोडतो आणि एकच चॅनल घेतो. आवाज आला, पण आईच्या मागे पाऊस लागल्यासारखी खरखर होती. मग पेनड्राइव्हएवढं यूएसबी साउंड कार्ड (माइकचा आवाज लॅपटॉपला कळेल अशा आकड्यांत बदलणारं) आणलं, ज्यावर कंपनीचं नावच छापलेलं नव्हतं. पाऊस थोडा ओसरला, इतकंच. त्यामुळे आता नीट कार्ड घ्यायचं ठरवलं.

आधी माझी गरज सांगतो. आई ७४ वर्षांची आहे, आवाज बारीक आणि मऊ. ती ओव्या म्हणणार, मी पेटीवर सूर धरणार. म्हणजे माइक दोन, आणि दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत.

इथे मी जवळजवळ फसलो होतो. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट सोलो या कार्डावर दोन इनपुट दिसतात, पण माइकचा त्यातला एकच. दुसरा गिटार किंवा कीबोर्डसारख्या लाइन सिग्नलसाठी. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, दोन आहेत की!’’ आहेत, पण पेटीला गिटारची केबल कुठे लावू? सोलो बाद झालं. उरले स्कार्लेट २आय२ आणि बेहरिंजरचं यूएमसी२०२एचडी. दुसरं बरंच स्वस्त, आणि दोन्हींत माइकचे दोन इनपुट, दोन्हींत ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सर जातीच्या माइकला केबलमधूनच मिळणारी वीज). नुसती पेटी आणि तबला रेकॉर्ड करायचा असता तर डोळे झाकून स्वस्तातलं उचललं असतं. वाद्यांचा आवाज दांडगा असतो, त्यांना गेन, म्हणजे सिग्नल मोठा करणं, फार लागत नाही.

अडलं ते आईच्या आवाजापाशी. एसएम५८ हा डायनॅमिक माइक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा. ९४ डेसिबलचा आवाज त्याच्यावर पडला तरी तो जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. आईचा आवाज माइकपाशी ७४ डेसिबल धरला तर त्याच्या दहाव्या भागावर आलो. एवढासा सिग्नल वर आणायचा तर प्रीअँपला (कार्डातल्या गेन देणाऱ्या भागाला) दम हवा, आणि गेन शेवटापर्यंत पिळला तरी खरखर वाढता कामा नये. चौथ्या पिढीच्या २आय२ला ६९ डेसिबल गेन आहे, तिसऱ्या पिढीत ५६ होता. माझ्यासाठी हा भरपूर गेनच निर्णायक ठरला. शेवटी २आय२ घेतलं. खिशाला झळ बसली.

खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतं, तो आकडा) ठळक छापलेलं असतं, त्याला भुलू नका. मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवलंय. त्यात एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, १९२ला चौपट. ओवीत तेवढं काही नसतं. २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला, ते) मात्र सोडू नका. लेव्हल भीतभीत कमी ठेवली तरी मागाहून उचलता येते. मी आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतो.

पहिला रविवार. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, कार्ड आणि लॅपटॉप जोडणारा कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला, आईच्या डोक्यावर हेडफोन चढवला. एक ओळ म्हणून ती थांबली. ‘‘अरे, माझ्यामागून कोण म्हणतंय?’’

मी बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो ते नमुने, १०२४वर ठेवला होता. ४८ किलोहर्ट्झला तो २१ मिलिसेकंदांचा होतो. जाता-येता मिळून चाळिशीच्या वर. शिवाय कार्डावरचं डायरेक्ट मॉनिटरिंगही (गाताना स्वतःचा आवाज हेडफोनवर थेट ऐकणं) चालू आणि रीपरमधलं मॉनिटरिंगही. म्हणजे आईला स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येत होता, एकदा थेट कार्डातून आणि एकदा लॅपटॉपला वळसा घालून. रीपरमधलं बंद केलं, डायरेक्ट मोनोवर टाकलं (स्टिरिओवर असताना ती फक्त डाव्या कानात होती). बफर आता कितीही असो, तिला फरक पडत नाही. मी उगाच दोन तास ड्रायव्हरशी झटापट करत बसलो होतो.

दुसरं म्हणजे बारीक घुंईऽऽ असा आवाज. केबल बदलल्या, पंखा बंद केला, रेग्युलेटरला शिव्या घातल्या. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज गायब! तेव्हापासून बॅटरीवरच रेकॉर्डिंग. टेक सुरू करण्याआधी चार्जिंग शंभर टक्के, हा घरचा नियम झालाय.

फँटमचं एकच बटण दोन्ही इनपुटना ४८ व्होल्ट देतं. पेटीवरच्या कंडेन्सरला ते हवंच, आणि चांगल्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलवरच्या एसएम५८ला त्याने काही होत नाही. जुना रिबन माइक (आत पातळ धातूची पट्टी असलेला) असेल तर मात्र सांभाळा. कंडेन्सर भात्यासमोर ठेवला तेव्हा हवेची फुसफुस आली. झाकणाच्या वर वीतभर उंच, जरा माझ्या बाजूला आणला तेव्हा कुठे सूर मोकळे आले.

दुसरा रविवार. सगळं जमलं. लेव्हल हिरव्यात, खरखर नाही, घुंई नाही. चार ओव्या झाल्या. मी हेडफोनवर ऐकवल्या. आई म्हणाली, ‘‘छान आहे, पण हे मी नाही.’’

मग कळलं. ओवी पेटीच्या सुरावर बसत नव्हती. ती जात्याच्या फेऱ्याला धरून चालते. हात खुंट्यावरून पुढे गेला की ओळ वर जाते, परत आला की खाली. पेटीने तिला एका जागी बांधून ठेवलं होतं.

माळ्यावरचं जातं काल खाली काढलंय. दुसऱ्या इनपुटला आता पेटी नाही, जातं. वरच्या तळीवर कंडेन्सर टांगून पाहिला तर दगडाची घरघर थेट लालमध्ये गेली. तो गेन जवळजवळ तळाला आणावा लागला, आईचा मात्र तसाच वर. दोन वेगळे ट्रॅक होते म्हणून निभावलं. जात्यात ज्वारी घातली तर आवाज भरीव येतो, रिकामं फिरवलं की दगड किरकिरतात. आईने अर्धा किलो दळून टाकली आणि अकरा ओव्या म्हटल्या, मध्ये एकदा कुकरची शिट्टी झाली तरी थांबली नाही.