एक कप स्ट्रॉबेरी म्हणजे नक्की किती?

फेब्रुवारी लागला, इकडे साताऱ्यात हातगाड्यांवर स्ट्रॉबेरीचे ढीग दिसायला लागले, की सांगलीहून धाकट्या जावेचा फोन ठरलेला. "ताई, जॅमला फोडी किती वाट्या नि साखर किती वाट्या?" मी वाट्या सांगतच नाही. फळ एक किलो, साखर पाऊण किलो, दोन लिंबांचा रस. मला ती मास्तरीणबाई म्हणते. म्हणू दे.

परदेशी पाककृतींतला कप साधारण 240 मिलीचा. पाणी ओतलं तर 240 ग्रॅम, त्यात वाद नाही. फोडी भरल्या की मधल्या फटींतली हवाही मापात येते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात कपभर अख्ख्या स्ट्रॉबेरी 144 ग्रॅम, अर्ध्या केलेल्या 152, चकत्या 166 आणि कुस्करून लगदा केला तर थेट 232. फळ तेच, कप तोच, सुरी किती चालवली एवढाच काय तो फरक.

आता साखर बघा. कपभर साखर भरते 200 ग्रॅम. "जेवढे कप फळ, तेवढे कप साखर" असं बिनधास्त लिहिलेलं असतं. चकत्या मोजल्या तर साखर फळापेक्षा जास्त पडते, लगदा मोजला तर कमी. म्हणजे एकाच कृतीने एकीचा जॅम गोडमिट्ट होणार आणि दुसरी आटवत बसणार. जास्त आटवला की तो सुंदर लाल रंग काळपटतो, ते वेगळंच.

त्यात चिरलेल्या स्ट्रॉबेरीला साखर लावून ठेवली की पाणी सुटतं. काठापर्यंत आलेल्या फोडी तासाभरात खाली बसतात, कडेने लाल पाक दिसायला लागतो, मधल्या फोडी मऊ पडून त्यात डुलत असतात. आता वाटीने काय मोजणार? काट्यावर ठेवा, वजन होतं तेवढंच आहे.

सासूबाईंना हे सगळं थेर वाटतं. त्यांच्या माहेरी धान्य पायलीने मोजायचे. "पायलीभर ज्वारी म्हटलं की कळत नाही होय गं?" कळतं की. ज्वारीचं माप हाताने सपाट करता येतं. फोडी जरा दाबल्या की आणखी चार मावतात! आणि पायलीभर चुरमुरे नि पायलीभर ज्वारी उचलून बघा म्हटलं, तर त्या हसल्या आणि विषय बदलला.

वाटी सोडवतच नसेल तर ती एकदा तोलून ठेवा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नेहमी चिरता तशाच फोडी न दाबता भरायच्या आणि आलेलं वजन लिहून ठेवायचं. माझ्या 150 मिलीच्या स्टीलच्या वाटीत स्ट्रॉबेरीच्या फोडी शंभराला थोड्या कमी, आंब्याच्या शंभराच्या आसपास, सफरचंदाच्या जेमतेम ऐंशी ग्रॅम. अननस, आंबा मात्र साल-बाठा काढूनच तोलायचा.

जावेकडे काटा नाही. तिला म्हटलं, फळवाला तोलून देतो ना? तो किलोच पातेल्यात घाल, देठं काढून फारसं वजन जात नाही. आणि साखर वाण्याकडून पाऊण किलो वेगळी बांधून आण.