छोट्या हेलिकॉप्टरची गरगर काही केल्या थांबेना: माझा अनुभव

लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण म्हटलं आधी राग जरा निवळू दे. पूर्ण निवळलेला नाहीच, तरी लिहितेय, कारण जे कळायला मला अडीच आठवडे लागले ते कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

हेलिकॉप्टर म्हणजे घरात उडवायचं छोटंसं, वीतभर लांबीचं, इन्फ्रारेड रिमोटवालं. डोक्यावर एकावर एक असे दोन रोटर, त्यांच्या वर दोन्ही टोकांना वजन लावलेला एक दांडा, त्याला फ्लायबार म्हणतात, आणि शेपटीला आडवा बसवलेला इवलासा पंखा. लेकासाठी घेतलं, पण खरं सांगायचं तर मलाही तितकीच हौस होती. तयारी अर्ध्या-पाऊण तासात झाली, रिमोटमध्ये सेल घातले, यूएसबी केबलने हेलिकॉप्टर चार्ज केलं, सिग्नलच्या बँडचं, म्हणजे चॅनेलचं, बटण ए वर ठेवलं, हेलिकॉप्टर ऑन, मग रिमोट ऑन, थ्रॉटलची, म्हणजे रोटरचा वेग कमी-जास्त करायची, स्टिक एकदा पूर्ण वर आणि परत पूर्ण खाली, झालं, जोडलं गेलं. यात कुणी अडकेल असं वाटत नाही.

अडकलो ते पुढे. स्टिक हळूहळू वर केली, रोटर फिरायला लागले, हेलिकॉप्टर जमिनीवरून उचललं आणि जे भोवऱ्यासारखं गरागरा फिरायला लागलं ते थांबेचना. वर जातंय पण फिरतंय, खाली येतंय पण फिरतंय. नाक कुठे, शेपूट कुठे काही कळेना, त्यामुळे पुढे-मागे नेणं दूरच राहिलं. तीन-चार सेकंदांत सोफ्याच्या पायाला जाऊन आपटलं. लेक म्हणाला, "आई, याला चक्कर येत असेल का गं?"

माहितीपत्रक उघडलं. त्यात या सगळ्यावर एकच ओळ, हेलिकॉप्टर ज्या बाजूला फिरतंय त्याच्या विरुद्ध बाजूला ट्रिमचा नॉब फिरवा. फिरवला. गरगर थोडी कमी झाली. अजून फिरवला. नॉब पार टोकाला गेला, पुढे जाईना, आणि हेलिकॉप्टर आपलं गोल गोल. नॉब संपल्यावर काय करायचं ते त्या कागदावर कुठेच नाही. सगळी चीड याचीच आहे. ट्रिम ही बारीक फरकासाठी दिलेली सोय आहे, दोन-चार सेकंदांत एखादी गिरकी घेत असेल तर ती ट्रिमने जाते. नॉब टोकाला नेऊनही फिरत असेल तर हेलिकॉप्टरमध्ये काहीतरी अडलंय हे नक्की, मग नॉबशी झटापट करण्यात काही अर्थ नाही. एवढं एक वाक्य जरी छापलं असतं तरी माझा पहिला आठवडा वाचला असता.

विक्रेत्याच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर आलं, "कृपया ट्रिम ॲडजस्ट करा." मी लिहिलं की ट्रिम टोकाला आहे. परत तेच. मग व्हिडिओ काढून पाठवला, त्यात नॉब टोकाला असलेला स्पष्ट दिसतोय, हेलिकॉप्टर फिरतंय तेही दिसतंय. दोन दिवसांनी उत्तर, "कृपया ट्रिम विरुद्ध दिशेला फिरवून पाहा." विरुद्ध दिशेला फिरवलं असतं तर दुप्पट वेगाने फिरलं असतं, हे तोवर मलाही कळत होतं. व्हिडिओ कुणी उघडून बघितला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. समोर एक लहान मूल रोज शाळेतून येऊन "आज नीट झालं का" विचारतंय आणि आपल्याकडे सांगायला काही नाही, ही वेळ फार वाईट असते.

मग मीच समजून घ्यायला बसले, आणि इथून पुढे मला मजाही यायला लागली. मोठ्या हेलिकॉप्टरला शेपटीवर उभा पंखा असतो ना, तो कशाला? वरचा रोटर एका बाजूला फिरतो तेव्हा बॉडी उलट बाजूला फिरायला बघते, तिला शेपटीचा पंखा धरून ठेवतो. सिकोर्स्की या अभियंत्याने १९३९ साली उडवलेल्या व्हीएस-३०० हेलिकॉप्टरपासून हीच रचना रुळली. आपल्या या छोट्या हेलिकॉप्टरला तसा उभा पंखा नाही. इथे दोन रोटर एकमेकांच्या उलट फिरतात आणि एकमेकांचा जोर मारतात, रशियन कामोव हेलिकॉप्टरं अशीच असतात. शेपटीचा आडवा पंखा शेपूट वर-खाली करून फक्त पुढे-मागे नेण्यासाठी आहे. डावीकडे-उजवीकडे वळायचं तर दोन रोटरपैकी एकाचा वेग जरा कमी, दुसऱ्याचा जास्त. म्हणजे दोघांत थोडा जरी फरक पडला तरी हेलिकॉप्टर आपोआप वळणारच. माझं तर नुसतं वळत नव्हतं, सारखं फिरत होतं, म्हणजे दोनपैकी एक रोटर सारखा कमी पडत होता. पण कोणता?

हे ओळखायची एक सोपी खूण आहे, ती लक्षात ठेवा. बॉडी ज्या बाजूला गरगरते, त्याच बाजूला फिरणारा जो रोटर असेल तो मंदावलेला असतो. माझं हेलिकॉप्टर खालच्या रोटरच्या दिशेने फिरत होतं. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी लगेच ते उचलून दिव्याखाली नेलं. स्विच बंद करून वरचा रोटर बोटाने ढकलला, तो छान सुळकन फिरला. खालचा ढकलला तर अडखळत, जड जड, जणू चिखलातून फिरतोय. दोन्ही रोटरना आत वेगवेगळी मोटर असते, खालच्याचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, पोकळ असतो आणि वरच्याचा बारीक शाफ्ट त्याच्या आतून वर जातो, म्हणून एक मोकळा आणि एक जड असू शकतो.

मोबाइलचा कॅमेरा मोठा करून त्या फटीत बघितलं. खालच्या रोटरचा मधला भाग आणि बॉडी यांच्यामध्ये जेमतेम नखाएवढी जागा असते, तिथे काळं काहीतरी चमकत होतं. केस! माझा लांब केस, रिळावर दोरा गुंडाळावा तसा शाफ्टला वीस-पंचवीस वेढे घेऊन आवळून बसलेला, आणि त्यात गालिच्याचा तांबडा धागाही अडकलेला. पहिल्याच दिवशी उचलताना जमिनीवरून खेचून घेतला असणार. चिमट्याने ओढला तर तुटला, अर्धा आतच. मग सुईचं टोक वेढ्यांखाली घालून एकेक वेढा उचलायचा आणि चिमट्याने धरून उलट बाजूने सोडवायचा, असं चाळीस मिनिटं केलं. ब्लेडने कापायचा मोह झाला होता पण प्लॅस्टिकच्या गिअरच्या दात्यांना चरा गेला असता म्हणून हात आवरला. शेवटचा तुकडा निघाला आणि खालचा रोटरही सुळकन फिरला, तेव्हा जे वाटलं ते सांगता येत नाही. तो केस मी एका कागदाला चिकटवून ठेवलाय.

सकाळी उडवलं. गरगर ऐंशी टक्के गेली! नॉब मधोमध आणला. तरी हळूहळू एका बाजूला वळायचंच, आणि गंमत म्हणजे रोज वेगळं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा अगदी नीट. याचं कारण शोधायला अजून चार दिवस गेले. आतमध्ये जायरो असतो, तो बॉडी वळायला लागली की ओळखून लगेच सावरतो. पण हेलिकॉप्टर ऑन केल्यावर पहिल्या काही सेकंदांत तो आपला शून्य ठरवतो, त्या वेळी हेलिकॉप्टर अजिबात हलता कामा नये. आमच्या हेलिकॉप्टरचा स्विच पोटाखाली आहे, त्यामुळे मी ते हातात उलटं धरून ऑन करायचे आणि मग सुलटं करून जमिनीवर ठेवायचे, म्हणजे नेमक्या त्या सेकंदांत ते गोल फिरवत होते. आता टेबलाच्या कडेला ठेवते, एका हाताने खालचे स्किड, म्हणजे ज्यांवर ते उभं राहतं ते पाय, दाबून धरते, दुसऱ्या हाताचं बोट खालून घालून स्विच सरकवते आणि मनात दहा आकडे मोजून मगच रिमोट ऑन करते. त्या दिवसापासून सुतासारखं सरळ. जागच्या जागी, हवेत उभं. लेकाने टाळ्या वाजवल्या आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं.

मधल्या काळात मी पाती बदलूनही बघितली होती, त्यात एक चूक झाली ती सांगते. पाकिटात ए आणि बी अशी दोन प्रकारची पाती येतात, वरच्या रोटरची वेगळी आणि खालच्याची वेगळी, कारण दोन्ही उलट फिरतात म्हणून पात्यांचा उतारही उलट. काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. मी अदलाबदल केली आणि हेलिकॉप्टर नुसतंच घरघरत जमिनीला चिकटून राहिलं, वर येईना. दुसरं म्हणजे पात्याचा स्क्रू घट्ट आवळायचा नसतो. हेलिकॉप्टर आडवं धरलं की पातं आपल्या वजनाने खाली झुकलं पाहिजे, म्हणजे स्क्रू बरोबर. मी चांगले करकचून आवळले होते, तर सगळं हेलिकॉप्टर थरथरत होतं, पाव-पाव वळसा सैल केल्यावर थरथर गेली. आणि ढिली पाती कशाला तरी लागली तर मागे वळतात, तुटत नाहीत.

आता उडवण्याबद्दल. नवीन लोक घाबरून स्टिक अगदी थोडी वर करतात आणि हेलिकॉप्टर जमिनीपासून बोटभर अंतरावर ठेवतात, तिथेच ते सगळ्यात जास्त भरकटतं. रोटरची हवा जमिनीवर आदळून परत त्याच्याच अंगावर येते. धीर करून गुडघ्याच्या वर, दोन-तीन फूट न्या, तिथे ते शांत होतं. भिंतीजवळ आणि कोपऱ्यात हाच त्रास, छताच्या फार जवळ गेलं तर वर ओढलं जातं. पंखा आणि एसी बंद हवेच, ४० ग्रॅमचं वजन ते, खिडकीच्या झुळुकीनेही वाहत जातं.

सुरुवातीला शेपूट आपल्याकडे ठेवूनच उडवा. नाक आपल्याकडे आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि हात गोंधळतो, त्याला आठवडाभर द्या. आमच्याकडे खोलीच्या मध्ये जमिनीवर एक वही ठेवतो, तिच्यावर उचलायचं, तिच्यावर उतरवायचं, बाकी काही नाही. याने हात फार लवकर बसला.

उन्हाचं विसरतच होते. इन्फ्रारेड रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा, समोर दिसलं पाहिजे, आणि थेट ऊन असेल तर सिग्नल मार खातो. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात गेलं की आमचं धपकन खाली पडायचं, मी उगाच बॅटरीला दोष देत होते. पडदा लावला, प्रश्न मिटला. २.४ गिगाहर्ट्झ रेडिओ रिमोटवाल्या हेलिकॉप्टरला हा त्रास नसतो.

सुरक्षिततेचं मात्र मी कडक ठेवलंय. कशालाही धडकलं की स्टिक लगेच शून्यावर, आधी स्टिक, मग धावायचं. पाती अडकलेली असताना मोटरला वीज मिळत राहिली तर मोटर तापून जळते, इवलीशी असते ती. हाताने झेल घ्यायचा नाही, चेहऱ्याच्या उंचीवर कुणाच्या जवळ न्यायचं नाही, पाती हलकी असली तरी डोळ्याला लागली तर इजा होते. आणि केस बांधून ठेवायचे, हे आता आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. पडलेलं उचलायला जाताना रिमोट जमिनीवर ठेवायचा नाही, बंद करायचा, पायाने स्टिक वर गेली तर हातात रोटर सुरू होतात.

बॅटरी लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, असते, एकच सेल, ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट. उड्डाण पाच-सात मिनिटं. स्टिक पूर्ण वर करूनही उंची मिळेना की थांबायचं, शेवटचा थेंब काढायला गेलात तर बॅटरी लवकर मरते. उतरवल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यायची. लेकाला हे दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात अवघड जातात. चार्जिंग आपण जागे आणि त्याच खोलीत असतानाच, गादीवर किंवा सोफ्यावर ठेवून नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर पुन्हा चार्ज करायचा विचारसुद्धा नको. महिनाभर उडवणार नसाल तर अर्धी भरून ठेवा, रिकामी ठेवू नका.

परवा लेकाने वहीवरून उचलून खोलीला एक पूर्ण चक्कर मारली आणि परत वहीवर उतरवलं, एक स्किड जरा बाहेर होता. उतरल्या उतरल्या त्याने मला न विचारता स्विच बंद केला, खालचा रोटर बोटाने फिरवून बघितला आणि म्हणाला, "मोकळा आहे." चिमटा आणि सुई आता चार्जिंग केबलच्याच डब्यात असतात.