नदी अशी फुटते का रे भावा?

काल्पनिक जगाच्या नकाशांची स्पर्धा असली की एक गोष्ट ठरलेली, कोणीतरी येऊन आधी नदीवर बोट ठेवणार. "नकाशा खतरनाक भावा, पण ही नदी मधेच दोन कशी झाली?" आता खरंय ते, नद्या एकमेकींना येऊन मिळतात, समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत, आणि तळ्यातून पण बहुतेक वेळा एकच नदी बाहेर पडते. पण अमेरिकेत वायोमिंगमध्ये एक ओढा आहे, तो चक्क दुभंगतो, एक फाटा पॅसिफिककडे आणि दुसरा अटलांटिककडे! म्हणून मी हल्ली 'चुकलंय' म्हणतच नाही, 'इथे का फुटली?' एवढंच विचारतो. एकाने सांगितलं, अरे ती नदी नाहीये, राजाने खोदलेला कालवा आहे. मग लिही ना बाबा तसं तिथे, आम्हाला कसं कळणार!

यंदा एका एन्ट्रीवर सगळे तुटून पडले होते. किनाऱ्याला लागून डोंगर आणि नदी समुद्राकडे पाठ करून उलटी आत निघालेली. असं कुठे असतं का म्हणे. अहो असतं की! महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही आणि कृष्णाबाई निघते ती १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. नदीबद्दल मी त्याची बाजू घेतली, पण जंगल मात्र त्याने डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखंच गच्च भरलं होतं, तिथे म्हटलं एक काम कर, वारा कुठून येतो त्याचा बाण काढ आधी. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि तिकडे माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास, मधे ढग अडवणारा घाट आहे म्हणून.

माझी खरी कटकट मात्र नावांवरून असते. मृत्यूदरी, रक्तशिखर, काळरात्रीचं अरण्य... अरे कोण राहतं तिथे? मुलीचं लग्न ठरवायला मृत्यूदरीचं स्थळ सांगून येतं का? माणसं गावाला वडगाव म्हणतात, पिंपळगाव म्हणतात, खडक असला तर खडकी म्हणून मोकळी होतात. आणि एवढी जहाल नावं लिहायची ती पण झाडांच्या चित्रांवर, बारीक काळ्या अक्षरात, म्हणजे वाचताच येत नाहीत. अक्षरांमागे हलकी पांढरी कड दे आणि नदीचं नाव नदीच्या वळणाने वाकव, एवढ्यानेच निम्मा नकाशा सुधारतो.

एकीने मात्र कमाल केली. ड्रॅगनच्या गुहेखाली ओढा, ओढ्याच्या अल्याड अमुक बुद्रुक, पल्याड अमुक खुर्द, आणि मधे ओढा पायी ओलांडायचा उतार म्हणून एक छोटीशी तुटक रेघ. मी तिथेच मत देऊन टाकलं. डोंगर तेवढे सगळे एकाच शिक्क्याचे आहेत, दोन-चार हाताने काढ म्हणून सांगितलंय तिला.