बायपासनंतर पायाची उसवलेली जखम आणि सौम्य लेसरचे उपचार : माझा अनुभव

बायपास झाल्यावर छातीच्या जखमेची काळजी सगळेच करतात, पण पुष्कळांना त्रास देते ती पायाची जखम. हृदयाच्या रोहिणीतील अडथळा टाळून रक्ताला नवी वाट करून देण्यासाठी बहुधा पायाच्या आतल्या अंगाने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर काढून घेतात आणि त्यासाठी पायावर मोठी चीर द्यावी लागते. मधुमेह आणि स्थूलपणा असेल तर ही चीर भरायला वेळ लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ही अडचण अधिक दिसते. माझा मधुमेह जुना आहे. छातीचे हाड सांधत आले, मी घरात हिंडूफिरू लागले, आणि पोटरीवरचे टाके काढल्यानंतर काही दिवसांतच चिरेचा खालचा भाग उसवला. आधी त्यातून पाणी येऊ लागले, मग कडा काळपट झाल्या आणि बोटाएवढी लांब उघडी जखम तयार झाली.

लेसरचा विषय निघाला तो बऱ्याच नंतर. आधी सर्जननी जखमेतील पुवाचा नमुना तपासायला पाठवला, त्यानुसार प्रतिजैविके दिली, मेलेला भाग कापून काढला आणि पायाच्या रक्तपुरवठ्याची डॉपलर तपासणी करवून घेतली. घोट्यातील रक्तदाब आणि दंडातील रक्तदाब यांचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर पायाच्या रोहिण्यांतही अडथळा असल्याची शंका घेतात, आणि हृदयाचा आजार असलेल्यांत असे अनेकदा आढळते. रक्तच पुरेसे पोहोचत नसेल, तर वरून काहीही केले तरी जखम भरणार नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. माझा रक्तपुरवठा ठीक निघाला. मग इन्सुलिनची मात्रा बदलली, आहारतज्ज्ञांनी प्रथिने वाढवली, सूज उतरावी म्हणून पाय उंचावर ठेवणे आणि पट्टी बांधणे सुरू झाले. इतके करूनही जखमेचा तळ फिकट आणि निस्तेजच राहिला, तेव्हा सर्जननी मला फिजिओथेरपी विभागाकडे पाठवले.

लेसर म्हटल्यावर मनात येते ते कापणारे, जाळणारे यंत्र. हे उपचार त्याच्या अगदी उलट असतात. यात वापरला जाणारा प्रकाश इतका सौम्य असतो की ऊतक तापत नाही. पेशींनी तो शोषून घ्यावा एवढाच हेतू असतो. बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर १९६० च्या दशकात उंदरांमधील गाठी रुबी लेसरने नष्ट होतात का हे पाहत होते. त्यांचे यंत्र त्या कामासाठी कमजोर होते, परंतु प्रकाश टाकलेल्या उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर केस लवकर उगवले आणि तेथून त्यांचे लक्ष जखमांकडे वळले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या व्रणांच्या रुग्णांवरही हा प्रकाश वापरून पाहिला. पेशीतील मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ नावाचे एक विकर असते. लाल आणि अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश ते शोषून घेते, पेशीतील ऊर्जानिर्मिती वाढते आणि कोलेजन तयार करणाऱ्या पेशींना चालना मिळते, असे त्याचे सर्वांत मान्य स्पष्टीकरण आहे. हल्ली या पद्धतीला फोटोबायोमॉड्युलेशन असेही म्हणतात.

पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टनी यंत्राला हातसुद्धा लावला नाही. पूर्वी कधी कर्करोग झाला होता का, थायरॉइडचा त्रास आहे का, आणि विशेषतः कोणती औषधे चालू आहेत, हे त्यांनी विचारले. काही औषधांमुळे त्वचा प्रकाशाला नाजूक होते. बायपासनंतर हृदयाचे ठोके अनियमित झाले तर दिले जाणारे अमिओडॅरोन त्यांपैकीच एक. मला ते काही काळ दिले होते, म्हणून त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून खात्री करून घेतली आणि सुरुवात कमी मात्रेने केली. कोणी सुचवले असते तर हा प्रश्न मीच विचारला असता, पण तो त्यांनी आपणहून विचारला म्हणून माझा विश्वास बसला.

उपचार एक दिवसाआड असत. दोघींनीही ठरावीक तरंगलांबी अडवणारे चष्मे लावायचे, दार बंद करून बाहेर सूचना लावायची आणि मग ड्रेसिंग उघडायचे, हा क्रम त्यांनी कधीही मोडला नाही, कारण ५ ते ५०० मिलिवॉटपर्यंतचे हे लेसर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतात. जखम सलाइनने धुऊन मलमाचा आणि बीटाडीनचा तपकिरी थर पूर्ण काढत, नाहीतर प्रकाश त्या थरातच अडकतो. सूनबाईंनी घरी हळद लावण्याचे सुचवले होते. सर्जननी आधीच मनाई केली होती आणि येथेही तेच ऐकायला मिळाले. मग कडेच्या निरोगी त्वचेवर साधारण सेंटीमीटरभर अंतराने एकेका बिंदूवर प्रोब, म्हणजे यंत्राचा प्रकाश सोडणारा दांडा, टेकवायचा, आणि उघड्या भागावर मात्र स्पर्श न करता, पारदर्शक आवरण घालून, किंचित वरून धरायचा. कडांना ६६० नॅनोमीटरचा लाल आणि आजूबाजूच्या खोल भागाला ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देत. लाल प्रकाश दिसतो. अवरक्त दिसत नाही, आणि जाणवतही काही नाही.

मात्रेचा हिशोब त्यांनी मला कागदावर मांडून दाखवला. १०० मिलिवॉटचा प्रोब ४० सेकंद धरला की ४ ज्यूल ऊर्जा मिळते. परंतु तेवढीच ऊर्जा टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत पडणे आणि एक चौरस सेंटीमीटरवर पसरणे यांत फार फरक आहे, म्हणून नुसता ज्यूलचा आकडा अपुरा असतो. दर चौरस सेंटीमीटरला किती, हे पाहावे लागते. मात्रा फार कमी असेल तर परिणाम होत नाही आणि फार जास्त झाली तर पेशींचे काम उलट मंदावते, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही लाल प्रकाश शोषते, त्यामुळे कुठे ऊब जाणवली तर लगेच सांगायचे, असे त्यांनी बजावले होते. याच काळात एका ओळखीच्यांनी दुसऱ्या केंद्राचे नाव सुचवले. तेथे जखम न पाहता, फोनवरच, हमखास बरे होण्याच्या आश्वासनासह पॅकेज सांगितले गेले. मात्रा किती देता, असे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही, म्हणून मी गेले नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट होती मोजमाप. ठरलेल्या दिवशी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून मार्करने तिची कड गिरवत आणि चौकोन मोजून क्षेत्रफळ काढत. लांबी गुणिले रुंदी केली तर वेडीवाकडी जखम आहे त्यापेक्षा मोठी भासते. मधुमेहींच्या पावलांवरील जखमांबाबत चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही तर उपचार बदलण्याचा विचार करावा, असा ठोकताळा आहे. माझी जखम पावलावरची नव्हती, तरी आम्ही तोच आधार धरला. पहिल्या कागदांत फरक नगण्य होता. नंतर तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसू लागले, कडा आत सरकल्या आणि कागदावरचे चित्र निम्म्याहून लहान झाले. सर्जननी तेव्हा प्रतिजैविके थांबवली.

हे लेसरमुळेच झाले का? हा प्रश्न मी सर्जनना विचारला. साखर नियंत्रणात येणे, सूज उतरणे, मेलेला भाग निघणे आणि प्रकाश हे सगळे एकाच सुमारास घडले, त्यामुळे माझ्या एकटीच्या पायावरून निवाडा करता येणार नाही, असे ते म्हणाले. मलाही ते पटले. कर्करोगाच्या उपचारांत तोंड येते, त्यावर या प्रकाशाचा उपयोग बऱ्यापैकी प्रस्थापित आहे; ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये त्याच्या वापरास अनुकूल मार्गदर्शन दिले. जखमांचे चित्र इतके स्पष्ट नाही. मधुमेहींच्या पावलांवरील व्रणांच्या प्रयोगांचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा फायद्याची चिन्हे दिसली, पण प्रयोग थोडे, लहान आणि कमी दर्जाचे होते. प्रत्येकाची तरंगलांबी आणि मात्रा वेगळी असल्याने त्यांची तुलनाही कठीण जाते. तरीही, नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून आणि मोजमाप ठेवून हा उपाय करण्यास मी तयार झाले, याचे मला समाधान आहे. ज्यांना मूळ तपासण्या सोडून थेट लेसर सुचवला जातो, त्यांची मात्र मला मनापासून काळजी वाटते.

जखम आता पूर्ण मिटली आहे. व्रणाची त्वचा पातळ आणि काळसर आहे. अशा ऊतकाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते, म्हणून पोटरीला ठेच लागू न देण्याची सूचना कायमची आहे. नडगीच्या आतल्या बाजूचा बधिरपणा गेलेला नाही, कारण शीर काढताना तिच्या सोबतीने जाणारा मज्जातंतू दुखावला जातो. त्यासाठी लेसर पुढे चालू ठेवावा का, यावर आम्ही चर्चा केली. बधिरपणामुळे चालण्यात अडचण नाही आणि तो हळूहळू कमी होऊ शकतो, असे सर्जन म्हणाले, तेव्हा उपचार तेथेच थांबवले.