मधली फिकट रेघ

पट्ट्यांसाठी आलेल्या चामड्याच्या त्या लॉटमध्ये वरून बोट ठेवायला जागा नव्हती. जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर, केसांची छिद्रं स्पष्ट, रंग एकसारखा तांबूस. खोट दिसली ती पट्ट्या कापून, कडा रापीने तासून, त्यांना रंग लावायला घेतल्यावर. कडेच्या वरच्या आणि खालच्या थराने रंग प्याला, मधली अर्ध्या मिलिमीटरची रेघ मात्र फिकटच राहिली. शिवताना आरी नेमकी तिथेच अडकत होती. पट्टी दुमडली की आतून ‘कट्’ असा आवाज यायचा.

ती रेघ म्हणजे न कमावलेलं कातडं. कातड्याचं चामडं करणारं टॅनिन तिथवर पोचलेलंच नव्हतं. असं कातडं वाळलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात, शिंगासारखे कडक होतात आणि भिजलं तर सडतात.

खरा घोळ पुढे झाला. आमच्या तपासणी विभागातल्या एकाने तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. तो आक्रसून वळला, आणि ‘माल कच्चा’ असा अहवाल गेला. निष्कर्ष बरोबर होता, पण चाचणी चुकीची. उकळीची चाचणी क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यासाठी असते; आमचा लॉट वनस्पतिजन्य टॅनिनचा होता. क्रोम नीट बसलं असेल, तर ते चामडं 100 अंशांना दोन-तीन मिनिटं आकार टिकवतं. कच्चं कातडं साठ-पासष्ट अंशांच्या आसपास आक्रसतं, आणि वनस्पतिजन्य टॅनिनने उत्तम कमावलेलंही साधारण 75 ते 85 अंशांना. म्हणजे उकळत्या पाण्यात चांगला मालही नापासच होणार. पुरवठादाराने नेमकं हेच दाखवून तक्रार परत पाठवली, आणि त्या मुद्द्यावर त्याचं म्हणणं रास्त होतं. कुठल्या पद्धतीने कमावलेल्या चामड्याला कोणती चाचणी हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती अहवालाची सही असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निकाल लागला तो ॲसेटिक ॲसिडवर. धारदार पात्याने चामड्याच्या पूर्ण जाडीतून कागदाइतकी पातळ चकती काढायची आणि पातळ केलेल्या ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवून उजेडासमोर धरायची. कमावलेला भाग तपकिरी आणि अपारदर्शक राहतो. कच्चा भाग ॲसिड पिऊन फुगतो आणि काचेसारखा पारदर्शक होतो. या चकतीत मधली रेघ फुगून बाहेर आली. वाद तिथेच संपला.

मग ज्या फिरत्या ड्रममध्ये हे कातडं कमावलं, त्याच्या कामाचं पत्रक मागवलं. जुन्या हौदांच्या पद्धतीत कातडं आधी वापरून झालेल्या सौम्य अर्कात टाकतात, अर्काची घनता मोजणाऱ्या बार्कोमीटरवर 10 ते 20 अंश, म्हणजे घनता 1.010 ते 1.020. मग हौद बदलत बदलत कडक अर्काकडे नेतात. या कामाला आठवडे लागतात. ड्रममध्ये तेच काम दोन-तीन दिवसांत उरकतं, पण घाईची किंमत आधीच्या तयारीत मोजावी लागते. कमावण्याआधी कातडं मीठ आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात, म्हणजे पिकलमध्ये ठेवतात; त्यातून निघालेल्या कातड्याचा पीएच तीनच्या आसपास, म्हणजे आम्लच असतो. तो आधी पाचच्या जवळ आणावा लागतो, कारण पीएच जितका कमी, तितकं टॅनिन जागच्या जागी घट्ट बसतं. आधी टॅनिन आत शिरू द्यायचं आणि पीएच शेवटी उतरवून ते पक्कं करायचं, असा क्रम आहे. पत्रकात पीएचची नोंद होती, पण ती ड्रममधल्या पाण्याची. जाड भागाला छेद देऊन त्यावर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या पीएच दाखवणाऱ्या रंगाचा थेंब टाकल्याची नोंद कुठेच नव्हती. मध्यभाग पिवळा दिसला तर आत अजून ॲसिड आहे, एवढं त्या एका थेंबाने कळलं असतं. त्यात मिमोसाच्या, म्हणजे टॅनिन देणाऱ्या झाडसालीच्या अर्काच्या पावडरीचा पहिलाच हप्ता कातड्याच्या वजनाच्या 20 टक्के. इतक्या कडक अर्काने बाहेरचा थर लगेच कमावला जाऊन बंद होतो, आणि नंतर टाकलेली पावडर वरच्यावरच साठत राहते.

‘फुल ग्रेन’ या शिक्क्यावर लोक फार विसंबतात. वरचा थर घासलेला नाही, एवढंच तो सांगतो. तोच थर हलका घासून मखमली केला की नुबक होतं, घासून वर रंगाचा थर आणि ठसा दिला की करेक्टेड ग्रेन, आणि खालचा थर चिरून वेगळा काढला की स्प्लिट, ज्यातून बहुतेक स्वेड बनतं. ही सगळी नावं पृष्ठभागाची आहेत. टॅनिन किती खोल गेलं, ते यातलं एकही नाव सांगत नाही.

मंजुरीसाठी आधी आलेला नमुना मात्र सर्व चाचण्यांत पास झाला होता, आणि त्याचंच कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. तो खांद्याकडचा तुकडा होता. खांदा आणि पोट या भागांत तंतूंची वीण सैल असते, तिथे अर्क सहज शिरतो. पुठ्ठ्याची, म्हणजे जनावराच्या पाठीच्या मागच्या भागाची वीण सर्वांत घट्ट, म्हणूनच पट्टे तिथून कापतात आणि टॅनिनही तिथेच अडतं. आयएसओ 2418 या आंतरराष्ट्रीय मानकात नमुना घेण्याची जागा पुठ्ठ्यावर, पाठीच्या कण्याजवळ ठरवून दिली आहे. खांद्याचा तुकडा मुद्दाम पाठवला, की महागड्या पुठ्ठ्याला भोक नको म्हणून, हे पुराव्याने ठरवता येत नाही. म्हणून पुरवठादारावर ठपका किती ठेवायचा, याबद्दल माझं मन अजून पक्कं होत नाही.

कातडी भिजवून, बोरॅक्सच्या सौम्य पाण्याने वरचं टॅनिन सैल करून, पुन्हा पातळ अर्कात फिरवायचं असं ठरलं. बोरॅक्ससारख्या अल्कलीने रंग काळपट पडतो, त्यामुळे हा माल आता गडद तपकिरी पट्ट्यांनाच जाईल. खांदे आणि पोटं वेगळी कापून छोट्या कामाला काढली आहेत. पुठ्ठ्यांना प्रत्येक हप्त्यानंतर कण्याजवळ छेद द्यायचा, आणि छेद पूर्ण तपकिरी दिसल्याशिवाय पुढची पावडर टाकायची नाही, असं पत्रकावर लिहून घेतलं आहे.